१६ मेगाहर्ट्झचा हातसंगणक ४०० मेगाहर्ट्झवाल्यापेक्षा चपळ का वाटतो?

टिपणवही (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परवा कपाटाचा खालचा कप्पा आवरताना माझे दोन जुने हातसंगणक एकदमच हाती लागले. एक पाम पायलट १०००, १९९६ सालचा. आत मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६ मेगाहर्ट्झ, १२८ केबी मेमरी, काळा-पांढरा पडदा आणि दोन ट्रिपल ए सेल. दुसरा त्यानंतर सहा वर्षांनी घेतलेला. रंगीत पडदा, आर्म जातीचा ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी. कुठल्या कंपनीचा ते मुद्दामच लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाही.

पायलटमध्ये नवे सेल घातले, दुसरा चार्जिंगला लावला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पायलटचं तारीखवहीचं बटण दाबलं. यंत्र बंद होतं, तरी बटण दाबून बोट उचलेपर्यंत आजचं पान समोर. मग पत्ते, मग पुन्हा तारीखवही. कुठेही थांबणं नाही. दुसऱ्यावर तेच केलं. पडदा उजळला, गोल चक्र फिरलं, मग आधी चौकट, मग आतला मजकूर असं कॅलेंडर हप्त्याहप्त्याने उमटलं. फार वेळ लागला असं नाही. पण वाट पाहिली हे जाणवलं, आणि पायलटवर ते जाणवतच नाही.

घड्याळाचा वेग पंचवीसपट, मेमरी पाचशेपट, आणि हातातला अनुभव उलटा! हे माझ्या मनाचे खेळ आहेत की ह्यामागे खरंच काही कारण आहे? त्या काळच्या प्रोसेसरबद्दल ज्यांना आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. मला दोन्ही यंत्रं मनापासून आवडतात, म्हणून कारण समजून घ्यायचं आहे.

---

अर्धाव्होल्ट

मनाचे खेळ नाहीत. आधी पडद्याचा हिशोब करू.

पायलटचा पडदा १६० × १६०, म्हणजे २५,६०० ठिपके. त्या वेळच्या पामच्या प्रणालीत एका ठिपक्याला एक बिट. म्हणजे सगळा पडदा ३,२०० बाइटमध्ये मावतो. तुमच्या दुसऱ्या यंत्राचा पडदा बहुतेक २४० × ३२० असणार, आणि एका ठिपक्याला दोन बाइट. ७६,८०० गुणिले २, म्हणजे १,५३,६०० बाइट. ३,२०० च्या बरोबर ४८ पट. घड्याळ पंचवीसपट वाढलं आणि पडदा भरायचं काम अठ्ठेचाळीसपट.

---

पाचवीपायरी

@अर्धाव्होल्ट, हिशोब बरोबर आहे, पण एवढ्यावर निकाल लावू नये. ड्रॅगनबॉलच्या आत मोटोरोलाच्याच ६८००० ह्या जुन्या प्रोसेसरच्या जातीचा गाभा आहे. त्याला सगळ्यात साध्या इन्स्ट्रक्शनलासुद्धा घड्याळाचे चार ठोके लागतात, आणि बाहेरची बस, म्हणजे मेमरीशी जोडणारी वाट, १६ बिटांची. आर्म मात्र कॅशमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीतून) चालत असेल तर साधारण ठोक्याला एक इन्स्ट्रक्शन उरकतो, तीही ३२ बिटांची. म्हणजे नुसत्या आकडेमोडीत दुसरं यंत्र पंचवीसपटीहून पुष्कळ पुढे आहे. पडदा अठ्ठेचाळीसपट झाला तरी ते पुरून उरायला हवं होतं. तेव्हा उशीर दुसरीकडे कुठेतरी होतोय.

---

अर्धाव्होल्ट

मान्य. मग माझ्या मते खरं कारण हे.

पायलटमध्ये 'प्रोग्रॅम उघडणे' असा प्रकार जवळजवळ नाहीच. प्रोग्रॅम रॉममध्ये किंवा रॅममध्ये जिथे ठेवलाय तिथूनच चालतो. कुठून उचलून कुठे न्यायचं काम नाही. नोंदींचंही तसंच. तुम्ही तारीखवहीत काही लिहिता ते जागच्या जागी, साठवणीच्या मेमरीतच बदलतं. म्हणून 'सेव्ह' करायची भानगड नाही. एका वेळी एकच प्रोग्रॅम. तुम्ही दुसरं बटण दाबलं की पहिल्याला सांगितलं जातं, 'आवर', तो आवरतो आणि दुसरा सुरू होतो.

दुसऱ्या यंत्रात रॅमचेच दोन वाटे केलेले असतात, एक साठवणीचा आणि एक चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. सेटिंगमध्ये एक सरकपट्टी असते बघा, ती हाच वाटा कमीजास्त करते. साठवणीच्या वाट्यात ठेवलेला प्रोग्रॅम चालवायचा तर त्याचे हवे ते तुकडे आधी दुसऱ्या वाट्यात आणावे लागतात, आणि साठवताना दाबून लहान केलेले असतील तर उलगडावेही लागतात. एकाच रॅमच्या चिपमधून उचलून त्याच चिपमध्ये ठेवायचं! हे केलं कारण ती प्रणाली मोठ्या संगणकाच्या नमुन्यावर बेतलेली होती. फाइल वेगळी, चालणारा प्रोग्रॅम वेगळा. पाम बनवणाऱ्यांनी तो नमुना मुळातच बाजूला ठेवला.

---

बिनतारी

छान धागा. एक बाळबोध शंका. आर्म तर मोबाइलसाठीच बनवलेला प्रोसेसर ना? मग हातातल्या यंत्रात तो पहिल्यापासून सरस असायला हवा होता.

---

पाचवीपायरी

@बिनतारी, शंका बाळबोध नाही, बहुतेकांचा हाच समज असतो. आर्म मोबाइलसाठी जन्मला नाही. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला आपल्या टेबलावरच्या संगणकासाठी ६५०२ ह्या जुन्या ८ बिटांच्या प्रोसेसरच्या पुढचा प्रोसेसर हवा होता. बाजारातले १६ बिटांचे प्रोसेसर त्यांना पसंत पडले नाहीत. अमेरिकेत बिल मेन्श ह्यांची मोजकी माणसं ६५०२ ची पुढची आवृत्ती रचताना त्यांनी पाहिली आणि प्रोसेसर रचायला शेकडो माणसं लागत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. १९८३ च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं. इन्स्ट्रक्शनचा संच सोफी विल्सन ह्यांनी रचला, चिपची आतली मांडणी स्टीव्ह फर्बर ह्यांनी केली. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली आणि पहिल्याच फटक्यात चालली.

वीज कमी खाणं हे त्यांच्या यादीत होतं, पण वेगळ्या कारणासाठी. चिप सिरॅमिकच्या महाग वेष्टणात न घालता प्लास्टिकच्या स्वस्त वेष्टणात घालायची होती. प्लास्टिक उष्णता फार बाहेर टाकत नाही, म्हणून एक वॉटच्या आत राहायचं ठरलं. किती आत येईल हे नेमकं मोजायची साधनं हाताशी नव्हती, म्हणून प्रत्येक टप्प्यावर हात राखून रचना केली. फर्बर ह्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. चालू चिपला किती वीज लागते ते पाहायला त्यांनी मीटर जोडला, तर काटा शून्यावर. मीटर बिघडला म्हणावं तर चिप इकडे व्यवस्थित चालतेय. शेवटी कळलं की बोर्डातल्या दोषामुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर पिनांवरून येणाऱ्या सिग्नलमधून, संरक्षक डायोडांतून जी थोडी वीज झिरपत होती, तेवढ्यावर प्रोसेसर चालला होता!

त्या चिपमध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीच्या इंटेल ३८६ मध्ये २,७५,०००. काटकसरीच्या पोटी आलेला हा गुण पुढे बॅटरीवाल्यांना सापडला. ॲपलने न्यूटन ह्या आपल्या हातसंगणकासाठी आधी एटी अँड टीचा हॉबिट प्रोसेसर धरला होता, तो सोडून ते आर्मकडे आले. १९९० च्या नोव्हेंबरात एकॉर्न, ॲपल आणि चिप घडवणारी व्हीएलएसआय ह्या तिघांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. १२ अभियंते आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यातलं जुनं धान्यकोठार, एवढ्यावर सुरुवात. १९९३ च्या न्यूटन मेसेजपॅडमध्ये आर्म ६१० होता, २० मेगाहर्ट्झचा.

---

टिपणवही

पाचवीपायरी, मीटरचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

अर्धाव्होल्ट, ती सरकपट्टी माझ्या यंत्रात आहे! इतकी वर्षं ती कशासाठी ते कळलं नव्हतं. आता पुढचा प्रश्न. माहितीच्या पानावर प्रोसेसरचा वेग ४०० लिहिलाय, पण एका चाचणीच्या प्रोग्रॅमने ३९८ दाखवला. दोन मेगाहर्ट्झ गेले कुठे?

---

अर्धाव्होल्ट

गेले कुठेच नाहीत, मुळात नव्हतेच. ही माझी आवडती गोष्ट, त्यामुळे थोडं लांबवतो.

२००२ च्या सुमाराचा ४०० मेगाहर्ट्झचा आर्म म्हणजे इंटेलचा एक्सस्केल, पीएक्सए२५०. त्याच्या शेजारी ३.६८६४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, घड्याळाचे मूळ ठोके देणारा. असला विचित्र आकडा का? ३६,८६,४०० ला १६ ने भागा, २,३०,४०० येतात. त्याचे निम्मे १,१५,२००. हे सिरियल पोर्टचे ठरलेले वेग. म्हणजे ह्या एका क्रिस्टलमधून संगणकाशी बोलायचे वेग बिनचूक निघतात आणि वेगळा क्रिस्टल लावावा लागत नाही. मग त्यालाच १०८ ने गुणून प्रोसेसरचं घड्याळ काढलं. ३.६८६४ गुणिले १०८ म्हणजे ३९८.१. जाहिरातीत त्याचे ४०० झाले. त्याच्या आधीच्या स्ट्राँगआर्मचे '२०६ मेगाहर्ट्झ' असेच. ३.६८६४ गुणिले ५६.

तुमच्या पायलटमध्येही हाच खेळ आहे, आणि मला तर तो जास्त सुंदर वाटतो. ड्रॅगनबॉलला मनगटी घड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. त्याला ५०६ ने गुणलं की १६.५८ मेगाहर्ट्झ. यंत्र झोपलं की तो गुणाकार बंद, उरतो फक्त घड्याळाचा क्रिस्टल. तो वेळ सांभाळतो, गजर लक्षात ठेवतो आणि वीज जवळजवळ खात नाही. तुम्ही बटण दाबलं की गुणाकार पुन्हा सुरू. शिवाय पडद्याचं नियंत्रण, सिरियल पोर्ट, घड्याळ, सगळं त्याच एका चिपमध्ये. दोन ट्रिपल ए सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचं रहस्य हेच.

आता एक्सस्केलचं. प्रोसेसर ३९८ वर पळतो, पण बाहेरची मेमरी ९९.५ वर. २०६ च्या स्ट्राँगआर्मची मेमरीही जवळपास त्याच वेगाची. म्हणजे कॅशमध्ये असेल तोवर पळा, बाहेर जावं लागलं की तीच रांग. शिवाय स्ट्राँगआर्मची पाइपलाइन, म्हणजे एक इन्स्ट्रक्शन पुरी व्हायची साखळी, ५ टप्प्यांची, एक्सस्केलची ७. मेमरीतून आणलेला आकडा पुढच्याच इन्स्ट्रक्शनला लागला तर एक्सस्केलला जास्त ठोके थांबावं लागे. कंपायलरने (लिहिलेल्या प्रोग्रॅमचं प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) इन्स्ट्रक्शनचा क्रम त्याच्या सोयीने लावला तर हे टळतं, पण त्या वेळची प्रणाली आणि बहुतेक प्रोग्रॅम जुन्या आर्मसाठी कंपाइल केलेले होते. म्हणून पीएक्सए२५० ची पहिली यंत्रं आली तेव्हा २०६ वाल्यांपेक्षा ती फारशी वेगवान वाटत नाहीत अशी ओरड झाली. पुढच्या पीएक्सए२५५ मध्ये आतली बस दुप्पट वेगाची केली, तेव्हा कुठे फरक दिसू लागला.

---

तीनएक्झी

माझं नाव ह्याच काळातून आलंय, म्हणून लिहितो.

१९९६ च्या शेवटी विंडोज सीई ही मायक्रोसॉफ्टची हातसंगणकांची प्रणाली आली तेव्हा तिच्यासाठी प्रोसेसरची एक जात ठरलेली नव्हती. कॅसिओ आणि एचपीच्या यंत्रांत हिताचीचा एसएच३, एनईसी आणि फिलिप्सच्या यंत्रांत मिप्स, पुढे आर्म. बाहेरून यंत्रं सारखी, पडद्यावरची चिन्हंही सारखी, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. मी तेव्हा शब्दकोशाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटत असे. दर वेळी तीनदा कंपाइल करायचं, तीन फाइली चढवायच्या आणि वर ठळक अक्षरांत लिहायचं, 'आधी आपला प्रोसेसर पाहा'. तरी निम्मी पत्रं 'चालत नाही' अशीच यायची. लोकांचा काय दोष? पत्ते लिहायला घेतलेल्या वस्तूच्या आत एसएच३ आहे की मिप्स, हे कुणी का लक्षात ठेवावं?

बरं, तिन्ही यंत्रं माझ्याकडे नव्हतीच. मिप्सची फाइल मी कधीही स्वतः चालवून पाहिली नाही. कंपायलरने चूक दाखवली नाही की देवावर भरवसा ठेवून चढवायची. एकदा त्यातला अक्षरांचा क्रम बिघडला होता, ते एका वाचकाने चार महिन्यांनी कळवलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

तिच्या पुढच्या पॉकेट पीसी २००२ ह्या आवृत्तीत फक्त आर्म राहिला आणि माझी दोन तृतीयांश मेहनत वाचली. तरीही एसएच३ गेल्याची मला हळहळ आहे. त्याच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन १६ बिटांच्या, त्यामुळे प्रोग्रॅम आटोपशीर होत. आर्मनेही पुढे थंब नावाने १६ बिटांच्या इन्स्ट्रक्शन आणल्या. थंबमध्ये कंपाइल केलेला प्रोग्रॅम मूळ आर्मच्या साधारण ६५ ते ७० टक्के जागेत बसतो. मेमरी महाग आणि अरुंद असलेल्या फोनांमध्ये आर्म शिरला तो ह्या दारातून.

---

पाचवीपायरी

स्ट्राँगआर्मचा उल्लेख आलाय तर त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मते सबंध काळातलं ते सगळ्यात देखणं काम.

डिजिटल कंपनीचा अल्फा हा त्या काळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक. २०० मेगाहर्ट्झ, ३.४५ व्होल्ट आणि तब्बल २६ वॉट. तो घडवणाऱ्या डॅन डॉबरपूल ह्यांच्या चमूने ठरवलं की हीच कारागिरी कमी विजेसाठी वापरायची. त्यांनी १९९६ मध्ये मांडलेला हिशोब मला पाठ आहे. व्होल्टेज ३.४५ वरून १.५ वर आणलं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून एका झटक्यात ५.३ पट बचत, २६ चे ४.९ वॉट झाले. नको असलेले भाग काढले, तिप्पट बचत, १.६. ट्रान्झिस्टर बारीक केले, ०.८. घड्याळाच्या तारांवरचा भार हलका केला, ०.६. आणि घड्याळ २०० वरून १६० केलं, अर्धा वॉट.

त्या पाच पायऱ्यांत निम्म्याहून मोठी उडी एकट्या व्होल्टेजची आहे. घड्याळ कमी करून मिळालं ते सगळ्यात थोडं! मेगाहर्ट्झकडे बघून वीज किती लागेल ते ठरवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा हाताने करून पाहावा. न्यूटन मेसेजपॅड २००० मध्ये हाच स्ट्राँगआर्म १६२ मेगाहर्ट्झने चालला, आणि २००० सालच्या कॉम्पॅक आयपॅकमध्ये त्याचा पुढचा भाऊ, २०६ वाला. मधल्या काळात डिजिटल आणि इंटेलचा कोर्टातला वाद मिटला, त्या तडजोडीत स्ट्राँगआर्म इंटेलकडे गेला आणि पुढे त्याचाच एक्सस्केल झाला.

(माझ्या नावातली पायरी म्हणजे स्ट्राँगआर्मच्या पाइपलाइनची पाचवी, निकाल लिहून ठेवायची. इथे कुणी विचारलं नव्हतं, पण सांगावंसं वाटलं.)

---

बिनतारी

भारी माहिती. पण मग पामवाले ड्रॅगनबॉल सोडून आर्मवर गेले तेव्हा जुने प्रोग्रॅम कसे चालले? तीनएक्झींसारखी सगळ्यांची धावपळ झाली का?

---

अर्धाव्होल्ट

नाही, आणि त्यांचं कौतुक तिथेच आहे. २००२ च्या टंगस्टन टी मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप होता, १४४ मेगाहर्ट्झचा आर्म. पाम ओएस ५ ने त्यावर एक नकली ६८००० उभा केला, पेस नावाचा. जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे त्यावर चालत. नक्कल करण्यात वेळ जातो खरा, पण प्रणालीचं स्वतःचं काम, म्हणजे पडदा रंगवणं, नोंदी शोधणं, हे थेट आर्ममध्ये लिहिलेलं होतं. प्रोग्रॅम बहुतेक वेळ प्रणालीलाच हाका मारत असतो. त्यामुळे नक्कल करूनही जुने प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा जलद चालले. ज्यांना आणखी वेग हवा त्यांनी जड आकडेमोडीचा तेवढा तुकडा आर्ममध्ये लिहून आत बसवायचा.

---

दोनडबलए

इथे सायन ह्या हातसंगणकांच्या कंपनीचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून येतो. 'अनेक प्रोग्रॅम एकदम चालवले की यंत्र जड होणारच' असा सूर वर उमटलाय, तो मला पटत नाही. सायन सिरीज ५, १९९७. आर्म ७१०, घड्याळ फक्त १८ मेगाहर्ट्झ. ६४० × २४० चा पडदा, खरा टंकता येईल असा कीबोर्ड, आणि दोन डबल ए सेल. त्यावर ईपॉक प्रणाली, तिच्यात अनेक प्रोग्रॅम खरोखर एकाच वेळी चालत. माझ्याकडे वर्ड, शीट, डायरी कायम उघडी असायची आणि एकातून दुसऱ्यात जाताना खोळंबा होत नसे. ती प्रणाली लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं की मेमरी थोडी आहे आणि सेल कधीही संपतील. तिचंच पुढे सिंबियन ही फोनची प्रणाली झाली.

---

टिपणवही

काल रात्री दोन प्रयोग केले, त्यांचे निकाल देतो.

पहिला. माझ्या यंत्रात विजेच्या सेटिंगमध्ये 'बचत' असा पर्याय आहे, त्यात प्रोसेसर २०० वर येतो. बचतीत टाकून, यंत्र पुन्हा सुरू करून कॅलेंडर उघडलं. जवळजवळ तेवढाच वेळ! वेग निम्मा झाला आणि मला फरक नीट सांगता येईना. पाच वेळा करून पाहिलं.

दुसरा. कॅलेंडर कोपऱ्यातल्या फुलीने बंद केलं आणि लगेच पुन्हा उघडलं. ह्या वेळी पायलटइतक्याच चपळाईने समोर आलं. म्हणजे फुली मारली तरी ते मेमरीतच बसून होतं. आणायचं काम नव्हतं तेव्हा वाट पाहणंही नव्हतं. अर्धाव्होल्ट, तुमचं निदान बरोबर निघालं. दोनडबलए, तुमचाही मुद्दा पोचला.

चार्जिंगवरून काढून ठेवलं होतं ते आज सकाळी पाहिलं तर बॅटरी पार उतरलेली, आणि पडदा पुन्हा पहिल्या दिवसासारखा 'इथे टेकवा' म्हणत होता. काल भरलेलं सगळं गेलं. अशीच एकदा ह्याच यंत्रातून माझ्या वडिलांच्या औषधांच्या वेळांची वर्षभराची नोंद गेली होती. तेव्हा फार त्रास झाला होता, आज पुन्हा आठवलं.

---

दोनडबलए

वाईट वाटलं. त्या पिढीत नोंदी रॅममध्येच असत, वीज गेली की सगळं जाई. फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, नोंदी ठेवायची सोय विंडोज सीईच्या घराण्यात २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून आली.

तुमच्या पायलटलाही हाच धोका आहे, म्हणून सांगतो. नवे सेल घातलेत ते तसेच ठेवून कपाट बंद करू नका. जुन्या यंत्रात सेल गळतात आणि पत्र्या खातात. आणि सेल बदलायचे तर नवे आधी हातात घ्या, मगच जुने काढा. आतला कपॅसिटर साधारण मिनिटभरच मेमरी तगवतो.

---

टिपणवही

सेल काढायच्या आधी पायलटमधलं सगळं उतरवून घ्यायचं ठरवलंय. पायलट ठेवून संगणकाला जोडायचा पाळणा सापडलाय, पण त्याची केबल ९ पिनांच्या सिरियल पोर्टची आहे आणि माझ्या आताच्या संगणकाला तो पोर्टच नाही. यूएसबीवरून सिरियल करणारी जोडणी पायलटबरोबर कुणी वापरली आहे का? कोणती चिप असलेली चालते तेवढं कृपया सांगा. तोवर सेल आतच ठेवतोय आणि दर दोन दिवसांनी उघडून बघतोय.